पांढुर्णा-सौंसरचे प्रौढ शिक्षण : आधी मायबोली, मग राजभाषा

(साक्षरता सप्ताहानिमित्त ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर वाचावयाच्या भाषणाचा मजकूर)



बँकेच्या खिडकीपाशी शाईची डबी पुढे सरकविली जाते आणि एखादी वृद्ध माता मुकाट्याने अंगठा पुढे करते, हे दृश्य आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेले आहे. ज्या कागदावर तो अंगठा उमटतो त्यावर काय लिहिले आहे, हे तिला ठाऊक नसते. कागद तिच्या हिताचा असेल, कदाचित नसेलही. समोरच्या माणसावर विश्वास ठेवण्यावाचून तिला गत्यंतर नसते. आपल्याकडे अशा व्यक्तीला ‘अंगठाबहाद्दर’ म्हणून हिणविण्याची एक वाईट सवय आहे. ज्याने जन्मभर संत्र्याचा बगीचा राखला, कपाशीची पारख केली, पावसाचा अंदाज घेऊन पेरणी साधली, त्या माणसाला बुद्धी नाही असे कोण म्हणेल? त्याच्याजवळ बुद्धी होती. नव्हती ती अक्षर शिकण्याची संधी. ही संधी आज पुन्हा त्याच्या दाराशी आली आहे. ती पदरात कशी पाडून घ्यावी, आणि विशेषतः पांढुर्णा-सौंसर या मराठी मुलखात ती कोणत्या रीतीने दिली असता टिकेल, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

या मुलखाचे वेगळेपण

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूरसह विदर्भातील आठ जिल्हे तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्याच जिल्ह्याच्या दक्षिणेकडील पांढुर्णा व सौंसर या तहसिलींचा मिळून २०२३ साली पांढुर्णा हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. सीमारेषा कागदावर ओढली गेली, परंतु घरातील भाषा बदलली नाही. येथे पोळा भरतो तो मराठीत, ओव्या गाइल्या जातात त्या मराठीत आणि सोयरीक जुळते तीही पुष्कळदा नागपूर-अमरावतीकडे. मात्र पंचायतीतील सूचनाफलक, तहसिलीतील नोटीस, मंडीतील पावती आणि न्यायालयाचा कागद हिंदीत असतो. राज्याची राजभाषा हिंदी असल्याने हे स्वाभाविकच होय.

यामुळे येथील निरक्षर प्रौढापुढे दोन पायऱ्या आहेत. पहिली पायरी अक्षराची आणि दुसरी राजभाषेची. इंदूर किंवा सागरकडील प्रौढ जी बोली घरी बोलतो तिच्या जवळचीच भाषा त्याला पुस्तकात भेटते. पांढुर्णा-सौंसरच्या मातेला मात्र अनोळखी अक्षर आणि परकी शब्दरचना या दोहोंशी एकाच वेळी झगडावे लागते. वर्गात पहिले काही दिवस येऊन ती पुढे येईनाशी झाली, तर तिला आळशी ठरविण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे.

मागील अनुभव काय सांगतो?

प्रौढ शिक्षणाची कल्पना आपल्या मातीला नवी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली पुण्यात आपल्या घरी शेतकरी व मजूर स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा चालविली. स्वातंत्र्यानंतर ‘सामाजिक शिक्षण’ ही व्यापक संज्ञा पुढे आली. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती साऱ्या महाराष्ट्रात पसरली. शाळेतील गुरुजींनी दिवसा मुले शिकवावीत आणि रात्री कंदिलाच्या उजेडात त्यांचे आईबाप शिकवावेत, असा तो काळ होता. गाव साक्षर झाले की ‘ग्रामगौरव समारंभ’ साजरा होत असे. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमास प्रारंभ झाला; १५ ते ३५ वर्षे वयोगटातील दहा कोटी निरक्षरांपर्यंत पोहोचण्याचे त्याचे उद्दिष्ट होते. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन स्थापन झाले. मध्य प्रदेशात १९९९ साली ‘पढना-बढना आंदोलन’ उभे राहिले. त्यात निरक्षर प्रौढांनी स्वतःचा संघ करावा, आपला गुरुजी आपणच निवडावा आणि शिकून झाल्यावर दर साक्षर व्यक्तीमागे गुरुजीला १०० रुपये गुरुदक्षिणा मिळावी, अशी योजना होती. १९९१ ते २००१ या दशकात राज्यातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांवरून सुमारे ६४ टक्क्यांवर गेले. त्यात अशा प्रयत्नांचा वाटा निश्चितच आहे.

देशाच्या पातळीवर पाहिले तर १९५१ साली शंभरांत जेमतेम १८ लोक साक्षर होते; २०११च्या जनगणनेत हे प्रमाण सुमारे ७३ झाले. त्याच जनगणनेत मध्य प्रदेशातील पुरुषांचे प्रमाण सुमारे ७९ टक्के, तर स्त्रियांचे सुमारे ५९ टक्के आढळले. म्हणजे उरलेले काम मुख्यतः आपल्या आया-बहिणींचे आहे.

या सर्व मोहिमांतून एक धडा पुनःपुन्हा मिळाला. साक्षर करणे कठीण नाही; साक्षर राखणे कठीण आहे. ज्या गावांनी समारंभ करून तोरणे बांधली, त्यांतील पुष्कळ ठिकाणी नवसाक्षरांच्या हाती पुढे वाचण्याजोगे काही पडले नाही. वापरात नसलेल्या विळ्याला जसा गंज चढतो, तसे अक्षर हळूहळू विसरले गेले. जे अक्षर रोजच्या कामाला आणि मनाच्या ओढीला उपयोगी पडते तेच टिकते. मनाची ओढ मायबोलीची असते आणि रोजचे काम राजभाषेत असते. म्हणून पांढुर्णा-सौंसरला दोन्ही हवीत. फक्त त्यांचा क्रम चुकता कामा नये.

एक लिपी, दोन भाषा

सुदैवाने या मुलखाला एक मोठी सवलत लाभली आहे. मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांची लिपी एकच, देवनागरी आहे. मराठीतून शिकलेले जवळजवळ प्रत्येक अक्षर हिंदी वाचताना जसेच्या तसे कामी येते. तेव्हा मराठीतून आरंभ केल्याने वेळ वाया जाईल, ही भीती निराधार आहे. उलट ‘घर’, ‘बैल’, ‘कापूस’, ‘संत्रा’ असे जे शब्द शिकणाऱ्याच्या जिभेवर आधीच आहेत, त्यांतून अक्षरओळख करून दिली तर ती लवकर होते. शब्द ओळखीचा असला की अक्षर एकटेच नवे राहते.

हिंदीच्या नेहमीच्या वर्णमालेत एक अक्षर मिळत नाही, ते म्हणजे ‘ळ’. आपली ‘शाळा’, आपला ‘पोळा’, आपले ‘फळ’ आणि आपली ‘केळी’ या अक्षरावाचून लिहिता येत नाहीत. हनुमानाच्या दर्शनाला आपण जातो ती जामसावळी हिंदी फलकावर ‘जामसांवली’ होते. शिक्षकाने वर्गात हे अक्षर अवश्य शिकवावे. वऱ्हाडी वळणाच्या बोलीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, हेही त्याने जाणून असावे. शिकणाऱ्याच्या उच्चाराला कोणी हसू नये. बोली ही अशुद्ध भाषा नव्हे. ती त्या माणसाची पहिली भाषा होय.

मराठी वाचन जमू लागले की मगच राजभाषेची पायरी घ्यावी. येथे विशेष दक्षता हवी, कारण काही शब्द दोन्ही भाषांत सारखे दिसतात आणि अर्थाने मात्र निरनिराळे असतात. ‘शिक्षा’ हा शब्द पाहा. हिंदीत तो शिक्षणाला म्हणतात आणि मराठीत दंडाला. प्रौढ ‘शिक्षा’ केंद्राची पाटी वाचून एखाद्या आजीच्या मनात काय येईल, याची कल्पना करावी! हे उदाहरण हसून सोडून देता येईल, परंतु पुढील उदाहरणे तशी नाहीत.

जमिनीच्या नामांतरणाच्या प्रकरणात जाहीर सूचना निघते आणि ठराविक मुदतीत ‘आपत्ति’ सादर करावी असे तीत लिहिलेले असते. हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत. मराठी माणसाला आपत्ती म्हणजे संकट, पूर, दुष्काळ इतकेच ठाऊक असते. आपल्यावर तसे काही संकट आलेले नाही असे समजून तो घरी बसला, तर मुदत निघून जाते आणि वडिलोपार्जित वाटणीवर बोलण्याची वेळ टळते. उलट मराठीतील ‘हरकत’ हा शब्द हिंदीत वावगी कृती या अर्थानेही चालतो. न्यायालयीन व्यवहारात हिंदीतील ‘राजीनामा’ म्हणजे उभय पक्षांतील समेट; मराठीत तो नोकरी सोडण्याचा कागद असतो. ‘हस्ताक्षर करें’ याचा अर्थ सही करावी असा आहे. मराठीत हस्ताक्षर म्हणजे अक्षराचे वळण. म्हणजे नुसती अक्षरे जुळवून वाचता आले, तरी अर्थाचा अनर्थ होऊ शकतो. ज्याला वाचता येत नाही तो निदान कोणाला तरी विचारतो. ज्याला चुकीचा अर्थ कळला तो विचारतही नाही.

यास्तव प्रत्येक वर्गात एक साधा तक्ता टांगावा. एका बाजूस मराठी शब्द आणि समोर त्याचा हिंदी प्रतिशब्द लिहावा : अर्ज आणि आवेदन, हरकत आणि आपत्ति, सही आणि हस्ताक्षर, फेरफार आणि नामांतरण, शिक्षण आणि शिक्षा. महाराष्ट्रातील नातलग ज्याला सातबारा म्हणतात, त्या जातीची माहिती येथे खसरा व खतौनीत पाहावी लागते, हेही त्यात यावे. रोज दोन शब्द घेतले तरी महिन्याभरात साठ शब्द होतात. सामान्य माणसाच्या बहुतेक सरकारी कामांना तेवढे शब्द पुष्कळ होतात.

आजची संधी

केंद्र शासनाने २०२२-२३ ते २०२६-२७ या पाच वर्षांसाठी नवभारत साक्षरता कार्यक्रम हाती घेतला असून तो ‘उल्लास’ या नावाने ओळखला जातो. त्यासाठी १,०३७.९० कोटी रुपयांची तरतूद आणि पाच कोटी प्रौढांचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. १५ वर्षे पूर्ण झालेल्या कोणाही निरक्षर व्यक्तीला त्यात भाग घेता येतो. वयाला वरची मर्यादा नाही. कार्यक्रमाची पाच अंगे आहेत : पायाभूत साक्षरता व अंकज्ञान, जीवनोपयोगी कौशल्ये, व्यवसाय कौशल्ये, मूलभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण. शिकविणारे स्वयंसेवक असतात व ते मानधन घेत नाहीत. शेवटी १५० गुणांची चाचणी होते. तीत वाचन, लेखन व अंकज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण असतात आणि उत्तीर्ण होणाऱ्यास प्रमाणपत्र मिळते. याच कार्यक्रमाखाली ३० मे २०२५ रोजी गोवा पूर्ण साक्षर राज्य म्हणून घोषित झाले.

मायबोलीचा आग्रह हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. १९५६ साली राज्यघटनेत घातलेल्या ३५०-क या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्य समाजातील मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयीचा निर्देश केला आहे. अनुच्छेद ३५० प्रमाणे कोणाही नागरिकाला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्याकडे मांडता येते. जी सोय मुलासाठी योग्य मानली गेली, ती त्याच्या आजीसाठी अयोग्य कशी ठरेल?

ओढ असली की वय आड येत नाही, याचे उदाहरण ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील फांगणे या गावाने घालून दिले. गावातील वृद्ध स्त्रियांना धार्मिक ग्रंथ स्वतः वाचता यावेत असे वाटू लागले. शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती इच्छा मनावर घेतली आणि ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन दुपारी शाळेत जाऊ लागल्या. त्यांना नोकरी मिळवावयाची नव्हती की परीक्षेची घाई नव्हती. त्यांना आपले नाव लिहावयाचे होते आणि पोथी वाचावयाची होती. पांढुर्णा-सौंसरच्या गावोगावीही श्रावणात पोथी लागते, सायंकाळी हरिपाठ होतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ग्रामगीता विदर्भात घरोघर पोहोचली ती सोप्या मराठीमुळे. नवसाक्षराच्या हाती पहिले पुस्तक द्यावयाचे तर ते त्याच्या ओढीचे असावे.

साक्षरतेच्या पुढे

अक्षरओळख म्हणजे शिक्षणाचा उंबरठा होय. त्यापलीकडील दारेही उघडी आहेत. १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत प्रौढांना तिसरी, पाचवी व आठवीच्या तोडीचे शिक्षण घेता येते. तेथे वयाची १४ वर्षे पूर्ण केलेल्या कोणालाही दहावीस प्रवेश मिळू शकतो. ही परीक्षा एकाच बैठकीत देण्याची सक्ती नाही. पाच वर्षांच्या मुदतीत नऊ संधी मिळतात आणि उत्तीर्ण झालेल्या विषयाचे गुण जमा राहतात. विशेष सांगावयाचे म्हणजे या संस्थेची दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. पुढे पदवीसाठी १९८५ साली स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९९१ साली स्थापन झालेले भोपाळचे मध्य प्रदेश भोज मुक्त विद्यापीठ आहे.

या सोयीचा सर्वांत मोठा लाभ कोणाला होऊ शकेल? महाराष्ट्रातून लग्न होऊन आलेल्या सुनांना. त्यांपैकी पुष्कळ जणी सातवी, आठवी किंवा नववीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या असतात. सासरी आल्यावर हिंदी कागद समोर येतो, बोलताना संकोच वाटतो आणि शिकलेली मुलगी न शिकलेल्यांत मोजली जाते. वास्तविक ती या मुलखाची ठेव आहे. दुपारच्या फुरसतीत शेजारच्या पाच सासवांना मराठी अक्षरे शिकविण्यास तिच्याहून योग्य शिक्षिका कोण मिळणार? आणि शिकविता शिकविता तिने स्वतःची राहिलेली दहावी पूर्ण केली, तर एकाच दिव्याने दोन घरे उजळतील.

अक्षर येण्याने संसारात काय फरक पडतो, हेही सांगितले पाहिजे. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल त्रिकोण म्हणजे अत्यंत विषारी, आणि त्यापुढे पिवळा, निळा व हिरवा असा उतरता क्रम आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. डब्यावरील सूचना वाचता येणे हा तेथे जिवाचा प्रश्न होता. मंडीच्या पावतीवरील वजन व भाव, पासबुकातील जमा-नावे, विजेच्या बिलाची तारीख, औषधाच्या पुडीवरील मुदत या सर्व गोष्टी वाचता येणाऱ्यालाच पडताळता येतात. आता घरोघर मोबाइल आला आहे. त्यावर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नये, ही सूचना त्याच मोबाइलवर लिहून येते. परंतु ती वाचणार कोण? म्हणून वर्गात देवनागरी अंकांबरोबर मोबाइलवरील आंतरराष्ट्रीय अंकही शिकवावेत.

प्रत्येकाचे कर्तव्य

ग्रामस्थांनी वर्गाची वेळ आपल्या कामाप्रमाणे ठरवावी. कापूस वेचणीच्या दिवसांत आणि संत्र्याच्या तोडणीच्या हंगामात वर्ग ओस पडणारच. पेरणीनंतरचे दिवस, उन्हाळ्याच्या दुपारी आणि जेवणानंतरचा तास त्यासाठी अधिक सोयीचा आहे. घरातील पुरुषांनी तेवढा वेळ चुलीचे व लेकराबाळांचे काम सांभाळावे. हाही साक्षरतेच्या कार्यातील सहभागच होय.

शिक्षकांनी प्रौढाला मुलासारखे वागवू नये. वयाने मोठ्या माणसाला काकाजी, मावशी, आजी अशा संबोधनानेच शिकवावे, चूक झाली तर चारचौघांत दाखवू नये आणि राजभाषेची घाई करू नये. प्रथम मराठीत वाचते करावे आणि मग हिंदीत समजते करावे.

शासकीय कर्मचाऱ्यांनी पंचायतीच्या फलकावर हिंदी सूचनेखाली तिचा मराठी सारांश चार ओळींत लिहिण्याची प्रथा पाडावी. त्याला खडूखेरीज खर्च नाही. नवसाक्षराला त्यामुळे रोज वाचावयास काही मिळेल, आणि सूचनेचा हेतूही सफल होईल. अंगठा घेण्यापूर्वी कागद मोठ्याने वाचून व मराठीत समजावून सांगणे ही मेहेरबानी नव्हे, ते कर्तव्य आहे. आणि एखाद्या मातेने ‘मला सही येते’ असे म्हटले, तर रांग कितीही लांब असो, शाईची डबी बाजूस ठेवून तिच्या हाती लेखणी द्यावी. तिला नाव लिहिण्यास थोडा वेळ लागेल. त्या वेळेसाठी तिने साठ वर्षे वाट पाहिली आहे. रांगेतल्यांनी दोन मिनिटे थांबावयास काय हरकत आहे?

या सप्ताहात प्रत्येक शिकलेल्या व्यक्तीने आपल्या घरातील किंवा शेजारच्या एका निरक्षर व्यक्तीचे नाव वर्गात नोंदवावे, एवढाच संकल्प करावा. पहिल्या दिवशी तिला तिचे स्वतःचे नाव मराठीत लिहून द्यावे. पुढचा मार्ग ती आपल्या पायांनी चालेल.

जय हिंद.